मांडीवरचे पुस्तक

अजून वाचता न येणाऱ्या मुलाला जवळ घेऊन आईने, वडिलांनी किंवा आजी-आजोबांनी पुस्तक वाचून दाखवणे ही दहा-पंधरा मिनिटांची घरगुती गोष्ट असते. तिला वेगळी खोली लागत नाही की महागडे साहित्य लागत नाही. एक पातळ चित्रपुस्तक, पुरेसा उजेड आणि घाईत नसलेले एक मोठे माणूस एवढे पुरते. भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांनी या दहा-पंधरा मिनिटांकडे गेल्या चाळीसेक वर्षांत फार बारकाईने पाहिले आहे. त्यातून एक गोष्ट पुन्हापुन्हा पुढे येते: मुलाच्या भाषेला जोर मिळतो तो वाचलेल्या ओळींइतकाच, किंबहुना अधिक, त्या ओळींच्या निमित्ताने दोघांत होणाऱ्या बोलण्यातून.

महाराष्ट्रात गोष्ट सांगण्याची परंपरा जुनी आहे. पुस्तक उघडून वाचून दाखवण्याची सवय मात्र अजून थोड्या घरांत रुजली आहे. मुलाला वाचता येऊ लागले की त्याच्या हातात पुस्तक द्यायचे, तोवर पुस्तक त्याच्या हातापासून लांब ठेवायचे, कारण ते फाडेल, हा आपल्याकडचा सर्वसाधारण रिवाज. वाचून दाखवण्याची खरी वेळ नेमकी त्याच्या आधीची असते.

एका पानाला किती वेळ लागतो

रात्रीची जेवणे उरकली आहेत. अडीच वर्षांचे मूल आईच्या मांडीत, पाठ तिच्या पोटाला टेकवून बसले आहे. पुस्तक दोघांच्या समोर. उघडलेल्या पानावर एक म्हैस डबक्यात बसली आहे, तिच्या पाठीवर बगळा आहे आणि काठावर एक मुलगा हातात काठी घेऊन उभा आहे. खाली छापलेले वाक्य जेमतेम चार शब्दांचे. आई ते वाचते आणि थांबते.

“म्हैस!” मूल बोट ठेवते.

“हो, म्हैस. काय करतेय ती?”

“बशली.”

“चिखलात बसलीय. गार गार वाटतंय तिला. आणि तिच्या पाठीवर कोण बसलंय?”

“काऊ.”

“काऊसारखाच आहे. पण हा बघ, पांढरा पांढरा आहे. हा बगळा.”

“बदळा.”

“बगळा. आजीच्या गावाला पाहिला होता ना आपण, शेतात?”

मूल विचारात पडते, मग आजीच्या गावाबद्दल काहीतरी सांगू लागते. त्यात बगळा नसतो, ट्रॅक्टर असतो. आई ट्रॅक्टरचे ऐकून घेते आणि पुन्हा म्हशीकडे येते. चार शब्दांच्या पानाला चार-पाच मिनिटे लागली, आणि या वाचनात काहीही वाया गेले नाही.

या छोट्या संवादात घडलेल्या गोष्टी ओळखू येण्याजोग्या आहेत. आईने प्रश्न विचारून मुलाला बोलते केले. त्याचे उत्तर तिने मान्य केले. ‘बशली’ या एका शब्दाचे तिने पूर्ण वाक्य केले आणि त्यात चिखल व गारवा यांची भर घातली. चुकलेला शब्द चूक न म्हणता दुरुस्त केला आणि मुलाला तो पुन्हा म्हणू दिला. शेवटी पानावरची गोष्ट मुलाच्या पाहण्यातल्या गोष्टीशी जोडली. हे तिला कोणी शिकवलेले नसेलही. बोलक्या आया आणि आज्या हे आपसूक करतात.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये याच पद्धतीची परीक्षा घेतली. पावणेदोन ते तीन वर्षांच्या मुलांचे दोन गट केले. दोन्ही गटांतले पालक घरी मुलांना वाचून दाखवत होते. एका गटातल्या पालकांना मात्र असे प्रश्न विचारायला, मुलाच्या उत्तरात भर घालायला आणि हळूहळू अधिक अवघड प्रश्नांकडे जायला शिकवले होते. महिनाभरानंतर त्या गटातली मुले बोलण्याच्या चाचण्यांत स्पष्टपणे पुढे होती आणि नऊ महिन्यांनीही फरक पुरता पुसला गेला नव्हता. दोन्ही घरांत वाचन होते, वेळही जवळपास तेवढाच होता. वेगळे होते ते मुलाला दिलेले बोलण्याचे स्थान. या पद्धतीला पुढे संवादी वाचन असे नाव मिळाले.

यात एक धोकाही आहे. प्रश्नांचा भडिमार केला की वाचनाची तोंडी परीक्षा होते. “हा कोणता रंग? हे किती? हा कोणता प्राणी?” असे पानापानावर सुरू झाले की मूल मांडीवरून उतरून जाते, आणि ते बरोबरच करते. दोन-तीन पानांत एखादा खरा प्रश्न, ज्याचे उत्तर विचारणाऱ्यालाही ऐकायचे आहे असा, पुरेसा असतो.

घरात न येणारे शब्द

घरातले रोजचे बोलणे कामापुरते असते. ये, जेव, हात धू, तिकडे नको जाऊ, चप्पल घाल. यातले शब्द मोजके आणि तेच तेच असतात, कारण बोलणाऱ्या दोघांना दिसणाऱ्या वस्तूंबद्दलच ते असते. पुस्तक मात्र समोर नसलेल्या गोष्टी घरात आणते. चाहूल, डोकावणे, फांदी, काठ, हिरमुसणे, दबक्या पावलांनी: हे शब्द तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत दिवसभरात एकदाही उच्चारले जात नाहीत. जेसिका मोंटाग आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये १०० इंग्रजी चित्रपुस्तकांतला मजकूर आणि पालकांचे मुलांशी होणारे रोजचे बोलणे यांची तुलना केली. तितक्याच शब्दसंख्येत पुस्तकांमध्ये वेगवेगळे शब्द अधिक आढळले. २०१९ मध्ये ओहायो राज्य विद्यापीठातील जेसिका लोगन यांनी हिशेब मांडला, की रोज पाच पुस्तके ऐकणाऱ्या मुलाच्या कानावर पाच वर्षांचे होईपर्यंत, कधीच न ऐकणाऱ्या मुलापेक्षा सुमारे १४ लाख शब्द जास्त पडतात. रोज एकच पुस्तक ऐकले तरी हा आकडा तीन लाखांच्या जवळ जातो. हे गणित अमेरिकी पुस्तकांवर बेतलेले आहे. मराठी चित्रपुस्तकांत मजकूर कमी-जास्त असेल तसे आकडे बदलतील, दिशा बदलणार नाही.

मराठीत याला आणखी एक पदर आहे. लिहिण्याची आणि बोलण्याची मराठी अगदी एक नाही. घरात मूल ‘ते पडलं’ ऐकते, पुस्तकात ‘ते पडले’ छापलेले असते. जुन्या बालपुस्तकांतली भाषा त्यामुळे मुलाला परकी वाटते आणि वाचणारा गोंधळतो. अनुभवी पालक वाचता वाचता ती बोलीत फिरवून घेतात. अलीकडच्या चांगल्या लेखकांनी ही अडचण मुळातच सोडवली आहे. माधुरी पुरंदरे यांच्या राधा आणि यश या मुलांच्या पुस्तकांतली माणसे घरात बोलतात तशी बोलतात, आणि चित्रेही लेखिकेचीच असल्यामुळे शब्द आणि चित्र एकमेकांना सांभाळून घेतात. त्यांना २०१४ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. लहान मुलांसाठी लिहिणे हे मोठ्यांच्या लेखनाआधीचे हात साफ करणे नाही, हे मराठीत त्यांच्याइतके ठामपणे फार थोड्यांनी दाखवून दिले आहे.

प्रमाण मराठी आणि घरची बोली यांतले अंतर मालवणी, अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलणाऱ्या घरात वाढते. कोरकू, गोंडी किंवा वारली घरात तर फारच. तिथे मजकूर जसाच्या तसा वाचण्याचा हट्ट धरू नये. चित्र तेच ठेवून आईने आपल्या बोलीत सांगावे, मधूनमधून छापील वाक्य वाचावे. मुलाला दोन्ही भाषा एकाच पानावर भेटतात आणि कुठलीही कमी दर्जाची ठरत नाही.

सांगितलेली गोष्ट, वाचलेली गोष्ट

चिमणीचे घर मेणाचे आणि कावळ्याचे शेणाचे, ही गोष्ट मराठी मुलांच्या कानावर सर्वांत आधी पडते. तिचा माग तेराव्या शतकापर्यंत जातो. लीळाचरित्रात चक्रधरस्वामींच्या तोंडी ती येते. सातशे वर्षे ती पुस्तकाशिवाय टिकली, ती सांगणाऱ्यांच्या आणि हुंकार देणाऱ्यांच्या जोरावर. बालशिक्षणात गोष्टीला मानाचे स्थान देणारे गिजुभाई बधेका आणि त्यांच्यासोबत भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी ही ताकद ओळखली होती. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने ते कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत नेले. तिथल्या बालवाड्यांत गाणी, गोष्टी आणि आसपासच्या वस्तू हेच शिकण्याचे साहित्य होते.

सांगणे आणि वाचणे यांतले एक दुसऱ्याची जागा घेत नाही. गोष्ट सांगताना मूल सांगणाऱ्याच्या चेहऱ्याकडे आणि हातांकडे पाहते. भीती, आनंद, आवाजातले चढउतार तिथून टिपते. पुस्तक वाचताना दोघे शेजारी बसून एकाच चित्राकडे पाहतात. मुलाने बोट ठेवले त्याच वस्तूचे नाव त्याच क्षणी मोठ्याच्या तोंडून येते, आणि नाव वस्तूला चिकटते. शिवाय आजीची गोष्ट रोज थोडी बदलते, पुस्तकातली बदलत नाही.

न बदलणे मुलाला फार हवे असते. संपलेले पुस्तक पुन्हा पहिल्या पानावर आणून “परत!” म्हणणारे मूल प्रत्येक घराला ओळखीचे आहे. कंटाळलेल्या वडिलांनी एक पान गाळले तर त्याला लगेच कळते. हा हट्ट शिकण्याच्या उपयोगाचा असतो. ससेक्स विद्यापीठातील जेसिका हॉर्स्ट यांच्या २०११ च्या प्रयोगात तीन वर्षांच्या मुलांना काही नवे शब्द गोष्टींतून ऐकवले. काहींना तीच गोष्ट पुन्हापुन्हा वाचली, काहींना वेगवेगळ्या गोष्टी. नवे शब्द दोन्ही गटांनी तेवढ्याच वेळा ऐकले होते, पण तीच गोष्ट ऐकणाऱ्यांना ते चांगले लक्षात राहिले. पहिल्या वेळी मूल गोष्टीत काय घडते एवढेच धरते. पुढे काय होणार हे माहीत झाले, की त्याचे लक्ष शब्दांकडे, चित्राच्या कोपऱ्यातल्या मांजराकडे, वाक्याच्या वळणाकडे जायला मोकळे होते. म्हणून दहा पुस्तके एकेकदा वाचण्यापेक्षा तीन पुस्तके दहा-दहा वेळा वाचली तर चार पैसे वाचतात आणि मूलही अधिक शिकते.

अक्षरांची घाई

वाचून दाखवले की मूल लवकर वाचू लागेल, ही पालकांची सर्वांत मोठी अपेक्षा. ती अर्धीच खरी आहे. मुलांच्या नजरेचा माग घेणाऱ्या प्रयोगांत दिसले आहे, की वाचून दाखवले जात असताना न वाचणारी मुले जवळपास सगळा वेळ चित्रच पाहतात, अक्षरांकडे त्यांची नजर क्वचित जाते. मोठ्या माणसाने अधूनमधून ओळीखालून बोट फिरवले तर ती थोडी तिकडे वळते. मजकूर डावीकडून उजवीकडे जातो, शिरोरेषा तुटते तिथे शब्द संपतो, पान उलटले की गोष्ट पुढे सरकते, एवढे त्यातून बिनबोभाट शिकून होते. देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या व्यंजनाच्या चारही बाजूंना लागतात. पहिली वेलांटी तर बोलताना नंतर येते आणि लिहिताना आधी. हे सगळे शाळेत सावकाश शिकायचे असते. रात्री गोष्ट थांबवून “हे कोणतं अक्षर, सांग!” असे विचारल्याने अक्षर येत नाही आणि गोष्टही जाते.

मुलाला शाळेत उपयोगी पडते ती समजण्याची ताकद. ग्रामीण मुलांच्या शिकण्याची पाहणी करणाऱ्या ‘असर २०२४’ या अहवालानुसार ग्रामीण भारतात तिसरीतल्या २७.१ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. शाळा, शिक्षक, गरिबी, हजेरी अशी याची अनेक कारणे आहेत. आईवडिलांनी वाचून दाखवले नाही म्हणून असे झाले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण ज्या मुलाने शाळेआधी शेकडो गोष्टी ऐकलेल्या असतात, त्याला अक्षरे जुळवल्यावर तयार झालेला शब्द आधीच ओळखीचा असतो. ‘फांदी’ हा शब्द कधी कानावरच पडला नसेल, तर तो जोडून वाचूनही हाती काही लागत नाही. सिनसिनाटीतील बालरोगतज्ज्ञ जॉन हटन यांनी २०१५ मध्ये तीन ते पाच वर्षांच्या १९ मुलांना गोष्टी ऐकवताना त्यांच्या मेंदूची चित्रे घेतली. ज्या घरांत वाचन आणि पुस्तके अधिक होती, त्या मुलांच्या मेंदूत ऐकलेल्याचा अर्थ आणि दृश्य जोडणारा डाव्या बाजूचा भाग अधिक सक्रिय दिसला. संख्या लहान आहे, म्हणून निष्कर्ष जपूनच घ्यायला हवा. तरी चित्राशिवाय ऐकतानाही ही मुले मनात काहीतरी पाहत असावीत, असे त्यावरून वाटते.

वय तसे पुस्तक

सहा महिन्यांचे बाळ पुस्तक तोंडात घालते. त्याच्यासाठी जाड पुठ्ठ्याच्या पानांची, एका पानावर एकच ठळक चित्र असलेली पुस्तके असतात, आणि गोष्टीपेक्षा आवाजाला महत्त्व असते. वर्षाचे मूल बोट दाखवते, दोन वर्षांचे नाव सांगते, तिसऱ्या वर्षी ‘का?’ सुरू होते. चार-पाच वर्षांचे मूल पुढे काय होईल ते सांगू लागते आणि एक दिवस पुस्तक उलटे धरून धाकट्या भावंडाला पाठ झालेली गोष्ट वाचून दाखवते. ते खोटे वाचन वाटते, पण वाचनाची ती पहिली पायरी आहे. तिथे हसू नये.

आईला वाचता येत नसेल तेव्हा

पुस्तक वाचून दाखवणे हे शिकलेल्या, फुरसत असलेल्या घरांचे काम, हा समज सर्वांत जास्त नुकसान करतो. बोलणे हाच गाभा असेल तर चित्र पुरते. शब्द नसलेली किंवा अगदी कमी शब्दांची पुस्तके यासाठीच असतात. माधुरी पुरंदरे यांचे ‘चित्रवाचन’ हे पुस्तक घरातली, गल्लीतली, बाजारातली गजबजलेली दृश्ये समोर ठेवते. एकेका पानावर अर्धा तास बोलता येते, आणि कुणालाही बोलता येते. ज्या घरात तिसरी-चौथीत गेलेली ताई किंवा दादा आहे, तिथे वाचण्याचे काम त्यांचे आणि बोलण्याचे आईचे, अशी वाटणी छान जमते. मोठ्या मुलालाही वाचायला कारण मिळते.

महाराष्ट्रात शाळापूर्व तयारीच्या ‘पहिले पाऊल’ अभियानातून २०२२ मध्ये गावोगावी माता गट तयार झाले. गटातली एखादी उत्साही आई ‘लीडर माता’ होते, आठवड्याचे उपक्रम व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, आणि अंगणात बसून बायका मुलांसोबत ते करतात. काही ठिकाणी हे गट जोमात चालतात, काही ठिकाणी पेरणी-कापणीच्या दिवसांत मोडतात. शेतावर मजुरीला जाणाऱ्या बाईकडे संध्याकाळी उरलेली ताकद किती, हा प्रश्न कोणत्याही उपक्रमाला टाळता येत नाही. प्रथम संस्थेने बिहार आणि राजस्थानात आयांना साक्षर करणे आणि मुलांच्या शिक्षणात सहभागी करून घेणे असे दोन्ही प्रयत्न केले. त्यांचे मोजमाप २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात मुलांच्या गुणांतली वाढ लहान होती. आयांच्या शिकण्यात आणि मुलांच्या अभ्यासातल्या सहभागात झालेला बदल अधिक ठळक होता. घरातल्या प्रयत्नांकडून महिन्या-दोन महिन्यांत चमत्काराची अपेक्षा करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात सोनाळे येथून काम करणारी ‘क्वेस्ट’ ही संस्था ‘गोष्टरंग’ या उपक्रमातून नटांना शाळांमध्ये पाठवते. नट बालपुस्तकांतल्या गोष्टी मुलांसमोर सादर करतात आणि मग तीच पुस्तके मुलांच्या हाती येतात. पाहिलेली गोष्ट पुस्तकात सापडली की मूल ती आपण होऊन उघडते.

पडदा आणि पान

फोनवर गोष्ट लावून देणे सोपे आहे, आणि दमलेल्या पालकाला त्याबद्दल दोष देण्यात अर्थ नाही. तरी दोन्ही एकच नाहीत. मिशिगन विद्यापीठातील टिफनी मुन्झर यांनी २०१९ मध्ये ३७ पालक आणि त्यांची लहान मुले यांना छापील पुस्तक आणि टॅबलेटवरचे पुस्तक वाचताना पाहिले. टॅबलेटवर पालक-मुलांचे गोष्टीबद्दलचे बोलणे कमी झाले. बटण कोणी दाबायचे यावर लक्ष गेले. फोनवरचे न हलणारे, आवाज न करणारे पान आईने स्वतः वाचले तर ही अडचण थोडी कमी होऊ शकते. प्रथम बुक्सचे २०१५ मध्ये सुरू झालेले ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ त्यासाठी उपयोगी आहे. तिथे मराठीसह शेकडो भाषांतली चित्रपुस्तके फुकट वाचता येतात, उतरवून छापताही येतात. कोरोनाकाळात शाळा बंद असताना ‘गोष्टींचा शनिवार’ उपक्रमातून अशा गोष्टी महाराष्ट्रातल्या पालकांच्या फोनपर्यंत पोचल्या होत्या.

कोणत्या भाषेत, कोणते पुस्तक

मूल इंग्रजी माध्यमात घालायचे असेल तर घरात इंग्रजी पुस्तकेच वाचावीत, असे अनेक पालकांना वाटते. मग आई अडखळत एक वाक्य वाचते, त्याचा अर्थ सांगते, पुढचे वाचते. म्हशीबद्दल चार गोष्टी सुचतात त्या मराठीत, आणि त्या ती गिळून टाकते. ज्या भाषेत मोठ्याला हसता, रागावता आणि आठवणी सांगता येतात, त्या भाषेत वाचावे. इंग्रजी पुस्तक हवे तर चित्रे दाखवून मराठीत बोलावे. परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. उत्तर अमेरिकेतल्या मराठी शाळा आठवड्यातून एकदा भरतात. भाषा टिकते ती उरलेल्या सहा दिवसांत घरात जे बोलले जाते त्यावर.

मराठीत वाचत्या मुलांसाठी पूर्वीपासून बरेच आहे. चांदोबा होता, बालभारतीचे ‘किशोर’ १९७१ पासून निघते, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे, विंदा करंदीकरांच्या बालकविता आहेत. तीन-चार वर्षांच्या मुलांसाठीची चित्रपुस्तके मात्र तुलनेने उशिरा आणि कमी आली. ज्योत्स्ना प्रकाशन, प्रथम बुक्स, नॅशनल बुक ट्रस्ट, चेन्नईची तूलिका यांच्या याद्या चाळल्या तर आज घरात वीस-पंचवीस उत्तम मराठी चित्रपुस्तके सहज जमतात, आणि त्यांतली पुष्कळ एका वडापावच्या आणि चहाच्या खर्चापेक्षा फारशी महाग नाहीत. मिळत नाहीत ती तालुक्याच्या गावी. तिथल्या दुकानात पाढ्यांचे, अक्षरओळखीचे आणि रंगवायचे पुस्तक असते, गोष्टीचे नसते.

ही उणीव सार्वजनिक वाचनालये भरून काढू शकतात. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे राज्यात हजारो वाचनालयांचे जाळे उभे राहिले आहे आणि त्यांना सरकारी अनुदान मिळते. मे २०१७ मध्ये सुरू झालेल्या भिलार या पुस्तकांच्या गावात बालसाहित्यासाठीही स्वतंत्र घर ठेवले आहे. बहुतेक ठिकाणी मात्र बालविभाग म्हणजे कुलूपबंद कपाट, आणि सभासद व्हायला मुलाला वाचता यावे लागते. वाचनालयांच्या कार्यकारिणीने यंदाच्या खरेदीत सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पन्नास चित्रपुस्तके घ्यावीत, ती मुलाचा हात पोचेल अशा खालच्या फळीवर मांडावीत, फाटली तर दंड न घेता चिकटवावीत, आणि पालकांना एका वेळी तीन घरी नेऊ द्यावीत.